तिसऱ्या पायरीवरची रेघ

१

दर रविवारी, माझ्या घड्याळात सकाळी अकराला, आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर एकमेकांना तोंड दाखवतो. मी आयर्लंडमधल्या कॉर्कहून, मयूरी जर्मनीहून आणि शरच्चंद्र, आमचा शरद, सिंगापूरहून. माझ्यासमोर पोह्यांची बशी असते, मयूरीच्या कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात आणि शरदकडे दिवेलागण झालेली असते. तिघंही सांगलीच्या गावभागातले, एका गल्लीतले, एका वर्गातले. मी देवदत्त, त्या दोघांचा देवा. तिघांच्याही केसांत आता पांढरं आलंय, पण फोनवर बसलो की आमची गाडी सातवीच्या पुढं जात नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाकडे बोलायला दोनच विषय असतात: कुठं फिरून आलो आणि तिथं काय मिळत नाही. त्या रविवारी मयूरी पोर्तुगालहून आली होती आणि एकेक फोटो दाखवत होती.

"ही तिथली नदी. पण खरं सांगू? कुठलीही नदी बघितली की मला हरिपूरचा संगमच आठवतो."

"तू जगात कुठंही जा मयूरे," शरद म्हणाला, "शेवटी सांगलीच्या भडंगावर येऊन थांबणार."

आम्ही हसलो. मयूरी हसता हसता थांबली आणि तिनं डोळे बारीक केले.

"देवा, तुझ्या मागं भिंतीला ओल आलीय का रे?"

मी वळून बघितलं. भिंत पांढरीशुभ्र होती. उन्हाळ्यात मी स्वतः रंगवलेली. हात लावून बघितला, कोरडी ठणठणीत. पुन्हा समोर वळलो तर स्क्रीनवरच्या माझ्या चौकोनात, माझ्या कोपराच्या उंचीला, भिंतीवर एक आडवी रेघ होती. फिकट तपकिरी. तिच्या खालची भिंत मळकी, वरची स्वच्छ.

"उजेडाचं असेल," मी म्हणालो. "इथं ऊन तिरकं येतं."

शरद माझ्या मागं बघत होता. मयूरीनं पुढचा फोटो लावला. माझे पोहे गार झाले होते, ते मी तसेच ठेवले.

२

ती रेघ कशाची, हे सांगलीच्या माणसाला सांगावं लागत नाही. कृष्णेचं पाणी घरात येऊन गेलं की भिंतीवर गाळाची रेघ सोडून जातं. आमच्याकडे काही लोक ती पुसत नाहीत. तिच्यावर रंगाचा फटकारा मारून साल लिहितात, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज येतो. शरदच्या आईच्या, उमाकाकूंच्या दारात चार दगडी पायऱ्या होत्या आणि तिसरीवर लाल रंगात लिहिलेलं होतं: २००५. पाऊस वाढला की अख्खी गल्ली त्या पायरीकडे बघायची आणि निर्धास्त झोपायची.

माझे वडील सरकारी नोकरीत. बदली होऊन आम्ही साताऱ्याहून सांगलीला आलो आणि काकूंच्या समोरच्या घरात भाड्यानं राहिलो. पण मी खरा वाढलो तो काकूंच्या खोलीत. त्यांची एक सवय होती. त्या कॉटवर बसलेल्या असायच्या आणि कुणीही आत आलं, भाजीवाली असो की माझ्यासारखं कार्टं, की त्या भिंतीकडे सरकायच्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हातानं दोनदा थापटायच्या. थप थप. "ये, बस." कॉटवर चारजण आधीच बसलेले असले तरी पाचव्याला जागा व्हायची.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी चढायला लागलं तेव्हा काकू घरात एकट्या होत्या. आम्ही परदेशातल्यांनी मदतीचं काम अंगावर घेतलं. मयूरीनं इंटरनेटवर एक यादी केली. अडकलेल्या माणसाचं नाव लाल, सुखरूप असलेल्याचं हिरवं. गल्ल्या वाटून घेतल्या होत्या. फोन करायचा, विचारायचं आणि रंग बदलायचा. तिकडे सांगलीत भाऊसो पाण्यात उतरला होता. भाऊसो आमच्याच वर्गातला, नदीपलीकडच्या गावचा, फौजेत हवालदार, नेमका सुट्टीवर आलेला. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती भलीमोठी काहील त्यानं पाण्यात घातली होती आणि तिच्यात बसवून माणसं काढत होता. कुठल्या गल्लीत शिरायचं ते तो यादीतले लाल बघून ठरवायचा आणि काढलेल्या माणसांची नावं हिरवी करायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आम्ही करत होतो. पण शेळ्या खरंच चालत होत्या, त्यामुळे आमची छाती फुगली होती.

काकूंची गल्ली माझ्याकडे होती.

त्या दिवशी मी ऑफिसच्या लोकांबरोबर स्वित्झर्लंडला गेलो होतो. एका तळ्यावर बोटीच्या रांगेत उभा राहून मी काकूंना फोन लावला.

"देवा, दुसरी पायरी बुडाली रे," काकू म्हणाल्या. "भाऊसो पलीकडच्या गल्लीपर्यंत आलाय म्हणतात. जाऊ का त्याच्याबरोबर? या गुडघ्यांनी काहिलीत चढायचं कसं, तेवढीच भीती वाटते."

"काकू, २००५ ला तिसरीवर थांबलं होतं. त्याच्या वर येत नाही. बसा निवांत."

"बरं बाबा. तू म्हणतोस तर बसते. पण जरा वेळानं परत फोन कर हं."

"दोन मिनिटांत करतो."

आणि मी त्यांचं नाव हिरवं केलं. लाल ठेवलं असतं तर भाऊसोनं विचारलं असतं, मयूरीनं विचारलं असतं, सगळी दुपार त्यात गेली असती. बोट सुटत होती, एवढंच कारण. पाण्यावर असताना काकूंचे सात फोन आले. पहिला मी वाजताना बघितला. वाटलं, चहापूड संपली म्हणून सांगत बसतील. मी फोन पालथा घातला. त्या बोटीतला माझा हसरा फोटो अजून माझ्याकडे आहे.

तिसऱ्या दिवशी काकू माळ्यावर सापडल्या. पाय पोटाशी घेऊन बसलेल्या, अंग गार पडलेलं. खोलीत चार फूट पाणी येऊन गेलं होतं. त्या गुडघ्यांनी त्या शिडी कशा चढल्या असतील, याचा मी विचार करत नाही, म्हणजे रोज करतो.

शरद पोचला तेव्हा त्यानं गल्लीत, सगळ्यांसमोर, भाऊसोची कॉलर धरली. "माझी आई आत असताना काहील घेऊन पुढं गेलास, न बघता हिरवं केलंस." भाऊसो एवढंच म्हणाला, "चुकलं." त्या संध्याकाळी शरदनं मला फोनवर हे सगळं रडत सांगितलं. तेव्हा माझ्या तोंडात खरं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे, शरद." त्यावर तो मला म्हणाला, तू समजूतदार आहेस.

शरद एकटा पडला म्हणून आमचे रविवारचे फोन सुरू झाले. येत्या रविवारी सांगायचंच, असं मी दर आठवड्याला ठरवत होतो. असे तीनशे रविवार गेले.

३

पुढच्या रविवारी रेघ माझ्या दंडापाशी होती. त्याच्या पुढच्या, खांद्यापाशी.

मी इंजिनियर माणूस. भूतबाधा वगैरे ऐकलं की हसू येतं. आधी लॅपटॉपचा कॅमेरा पुसला. मग कॅमेराच नवा घेतला. इमारतीच्या देखभालीवाल्याला बोलावून भिंत तपासून घेतली. त्यानं दोन सुयांचं यंत्र भिंतीला लावलं, मान हलवली आणि म्हणाला, या इमारतीत एवढी कोरडी भिंत दुसरी नसेल. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर छप्पर चांगलं, शेजारी न्हाणीघर नाही. पाणी येणार कुठून?

मी जागा बदलली. झोपायच्या खोलीत, कपाटाला पाठ लावून बसलो. कपाट लाकडी, गडद रंगाचं. रेघ कपाटावर आली. त्याच उंचीला, आणि कपाट संपून भिंत सुरू होते तिथंही न मोडता तशीच पुढं गेलेली.

मनाची समजूत घालायला मी तज्ज्ञ आहे, सहा वर्षांचा सराव आहे. चोराच्या मनात चांदणं, मी स्वतःला म्हणालो. तुला दिसतंय ते तुझ्या मनात आहे. पण ओल पहिल्यांदा मयूरीला दिसली होती, आणि मयूरीच्या मनात काही नव्हतं.

त्याच रविवारी ती म्हणाली, "देवा, तुझ्याकडे नळ चालू राहिलाय का?"

"नाही. का गं?"

"पाण्याचा आवाज येतोय. नळाचा नाही तसा... आपल्या घाटावर पायरीला पाणी कसं लागतं, चुळुक चुळुक, तसा."

मी कान दिला. खोलीत काही आवाज नव्हता. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. मी कानातले इअरफोन काढून मयूरीचं पुन्हा ऐकायला लागलो, आणि तेव्हा लॅपटॉपच्या आवाजात, तिच्या बोलण्याच्या मागं, मला तो ऐकू आला. माझ्याच खोलीचा आवाज जर्मनीला जाऊन परत येत होता.

"बंद करतो," मी म्हणालो आणि उठून स्वयंपाकघरात गेलो. कोरड्या बेसिनसमोर उभा राहिलो. नळ उघडला, बंद केला आणि परत येऊन बसलो. बंद केल्याचं नाटक करताना मला जेवढी लाज वाटली तेवढी भीती वाटली नाही.

"झाला का बंद?" शरदनं विचारलं.

"झाला."

"बरं," शरद म्हणाला. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. तो माझ्या मागं, जरा वर बघत होता.

४

या फोनमध्ये पाठीमागचं सगळं धूसर करायची सोय असते. माणूस तेवढा स्पष्ट ठेवायचा आणि बाकी पसारा झाकायचा. आपलं ठेवायचं झाकून, या कामात मी तरबेज. हे आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. पुढच्या रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मी ते चालू केलं. ते दोघं अजून आले नव्हते. स्क्रीनवर मी एकटा होतो. भिंत, कपाट, रेघ, सगळं दुधाळ होऊन गेलं. मी मोठा श्वास सोडला.

मग वरचा उजवा कोपरा दिसला.

तिथं, छताच्या खाली, एक तुकडा धूसर झाला नव्हता. बाकीची भिंत धुक्यात आणि तेवढाच तुकडा लख्ख. मी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. तुकडा हलला नाही. यंत्र माणसाला ओळखतं आणि माणसाला धूसर करत नाही, एवढंच त्याला कळतं. खालून रुंद, वर निमुळता, मध्ये गुडघ्यांसारखा पुढं आलेला. यंत्राच्या मते तिथं कुणीतरी बसलेलं होतं.

मला माणूस दिसत नव्हता. त्या आकाराच्या आत नुसती भिंत होती, पण ती माझी भिंत नव्हती. निळसर चुन्याचे पोपडे सुटलेले होते आणि एक खिळा होता, त्याला दोरीचा फास अडकवलेला. काकूंच्या माळ्याजवळ असा खिळा होता. त्याला त्या लसणाची वेणी टांगायच्या.

मी मागं वळलो नाही, एवढं कबूल करतो. स्क्रीनकडेच बघत राहिलो. तो आकार जरासा, अगदी बोटभर, बाजूला सरकला. सरकला तिथली माझी भिंत धूसर झाली आणि शेजारी निळा चुना उघडा पडला.

अकरा वाजले. टुणकन आवाज झाला आणि मयूरी आली. मी धूसर करायची सोय बंद केली. रेघ माझ्या कानाशी पोचली होती.

५

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी शरद म्हणाला, "घर विकायला काढायचं म्हणतोय."

मयूरी कढी ढवळत होती, ती थांबली. "काकूंचं?"

"कोण राहणार तिथं? देवा, तू डिसेंबरात साताऱ्याला येतोयस ना आईबाबांकडे? एक दिवस सांगलीला जाऊन ये. किल्ली शेजारच्या बनाबाईंकडे आहे. आणि रविवारचा फोन तिथूनच कर. मला आईची खोली एकदा बघायची आहे. मी स्वतः गेलो तर त्या भाऊसोचं तोंड बघावं लागेल. ते मला जमणार नाही."

"शरद," मयूरी म्हणाली, "सहा वर्षं झाली."

"त्यानं न बघता हिरवं केलं, मयूरी. एक फोन केला असता तरी आई जिवंत असती. एक फोन." शरदचा आवाज चिरकला. "मेल्यावर तिच्या फोनमध्ये बघितलं तर शेवटचे सात फोन देवाला केलेले. पोरगी मोठी झाली की सांगणार आहे मी तिला, देवाकाकावर आजीचा केवढा जीव होता. शेवटच्या वेळी मुलाला नाही केले, याला केले. आणि नेमकं तेव्हा याच्या फोनला रेंज नव्हती."

रेंज नव्हती, हे मीच त्याला सांगितलं होतं.

आता सांगायचं, आत्ता. तोंड उघडलं आणि जीभ कोरड्या चिखलासारखी टाळ्याला चिकटून बसली. मी म्हणालो, "जातो. खोली दाखवतो तुला." त्याच खोलीत बसून सांगायचं, असं मी ठरवलं. शरदला खरं कळेल, भाऊसोची मान मोकळी होईल, आणि माझं जे व्हायचं ते होईल. त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली, कारण सांगणं पुन्हा तीन आठवडे पुढं गेलं होतं.

६

साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं निघालो. आईनं पिशवीत खोबऱ्याची वडी दिली. "उमाच्या फोटोपुढं ठेव. तुला ताप आला की माझ्याकडे नाही, तिच्या मांडीवर झोपायचास." कऱ्हाडला चहा घेतला, उसाच्या ट्रॉल्यांमागं बस रखडत रखडत गेली आणि दुपारी तीनला मी गल्लीत उभा होतो.

बनाबाई किल्ली देताना म्हणाल्या, "घर उघडंच हाय. आज रविवार न्हवं का, भाऊसो आलाय झाडायला."

"भाऊसो?"

"दर रविवारी येतोय की. शरदला सांगू नगा म्हनतोय."

चार पायऱ्या चढलो. तिसरीवरचं २००५ अजून वाचता येत होतं. आत भाऊसो केरसुणी घेऊन उभा होता. निवृत्त झाला तरी केस फौजेसारखेच बारीक कापलेले. खोली रिकामी, कॉट पाण्यात कुजली म्हणून तेव्हाच टाकली होती. भिंतीवर निळसर चुना, आणि माझ्या छातीच्या उंचीला लाल रंगाची सरळ रेघ. वर लिहिलेलं: २०१९.

"ही मीच मारली," भाऊसो म्हणाला. "म्होरल्या येळंला कुनी तिसऱ्या पायरीवर भरवसा ठिवायला नगो. बस की. पर बसाया काय न्हाई बघ, सतरंजी हाय."

मी बसलो नाही. सहा वर्षं जे ठरवत होतो ते एका दमात बोललो. "भाऊसो, काकूंचं नाव मी हिरवं केलं होतं."

त्यानं केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली.

"म्हाईत हाय की."

"कसं?"

"यादीत दिसतंय की रं. कुनी रंग बदलला, किती वाजता, समदं दिसतंय. दुसऱ्या कुनी बघितलं न्हाई, मी पूर वसरल्यावर बघितलं. देवदत्त, दोन वाजून चाळीस मिनटं." त्यानं खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. "मी हितनं पंचवीस फुटावर हुतो त्या टायमाला. हाक मारनार हुतो काकूस्नी. मग म्हनलं, हिरवं हाय, देवानं बघितलंय, उगा येळ कशाला घालवा. आन् म्होरं गेलो. हाक मारायची हुती, ती मारली न्हाई. ते चुकलं माजं."

"मग शरदनं कॉलर धरली तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"त्याची आय पडली हुती समोर. तवा काय सांगत बसू? आन् शरद्याला तिकडं मैतर किती? दोन. त्यातला एक काडून घिऊन मला काय मिळनार हुतं?" तो दाराकडे बघत बोलत होता. "आन् म्हनलं, तू सांगशील. आज न्हाई उद्या सांगशील. लय वाट बघितली गड्या."

माझी मान वर होईना. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आज सांगतो," मी म्हणालो. "आत्ता साडेचारला. इथूनच."

"सांग. मी भायेर पायरीवर बसतो." दारातून तो एकदा वळला आणि माळ्याकडे बघून म्हणाला, "हितं जरा आवाज हुतोय कवा कवा. भ्या वाटून घिऊ नगं. काकूच हाय."

७

साडेचार वाजता, म्हणजे कॉर्कच्या अकराला, उन्हाची तिरीप अजून उंबऱ्यावर होती. मी भिंतीला पाठ लावून सतरंजीवर बसलो आणि समोर विटेला फोन टेकवला. लाल रेघ माझ्या डोक्याच्या वीतभर वर आली. ती चौकटीत नीट दिसावी म्हणून फोन दोनदा मागं सरकवला. शरदला दाखवायची होती.

दोघंही लगेच आले. शरदनं अंगात इस्त्रीचा सदरा घातला होता. आईकडे जाताना घालावा तसा.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय," मयूरी हळूच म्हणाली.

शरदनं तोंडावर हात धरला. मी माझ्या चौकोनाकडे बघितलं. माझ्या मागं भिंत होती, पण लाल रेघ नव्हती. गाळाचीही नव्हती. वाटलं, सुटलो. इथवर आलो, ठरवलं, म्हणून गेली.

मग नीट बघितलं. भिंत निळी नव्हती. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एकसारखी, गढूळ तपकिरी होती. रेघ गेली नव्हती. ती चौकटीच्या वर गेली होती.

मी घाईनं बोलायला लागलो. "शरद, ऐक. भाऊसोची काही चूक नाही. तुझ्या आईचं नाव मी हिरवं केलं. त्यांना बसा म्हणून मीच सांगितलं. मला रेंज होती. सातही फोन मला आले होते, मी उचलले नाहीत, बोटीत बसलो होतो." एकही शब्द गिळला नाही. बोटीच्या तिकिटापासून पालथ्या घातलेल्या फोनपर्यंत सगळं सांगितलं. माझे डोळे वाहत होते आणि तोंडात मातीची चव येत होती. संपवून मी थांबलो.

मयूरी फोनच्या अगदी जवळ आली होती. "देवा, काहीच ऐकू येत नाहीये. तुझं तोंड नुसतं उघडतंय आणि मिटतंय."

"आता? आता येतंय का?"

"नाही रे. पाण्याचाच आवाज येतोय. शरद, तुला?"

शरद माझ्याकडे बघत नव्हता. नेहमीसारखाच माझ्या मागं, वर बघत होता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, आणि तो हसत होता की रडत होता ते मला कळलं नाही.

"शरद!" मी ओरडलो. "मी केलं ते!"

"नंतर बोलू, देवा," तो म्हणाला. "तिथं नेटवर्क बरं नाही. दोन मिनिटांत करतो."

दोघंही गेले. स्क्रीन काळी झाली.

मी दोन मिनिटं थांबलो. मग पाच. मग मीच शरदला लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. मयूरीला लावला. परत शरदला. उठून बाहेर जावं, भाऊसोला हाक मारावी, म्हणून तोंड उघडलं. दारातून मला त्याची पाठ दिसत होती, दहा पावलांवर, पायरीवर बसलेली, तो तंबाखू मळत होता. मी हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. पुन्हा मारली. त्यानं तंबाखूवर थाप मारली, ती मला ऐकू आली. माझी हाक मात्र मलाही ऐकू आली नाही.

सतरंजी बुडाशी ओली लागली. मी पाय वर घेतले, पोटाशी धरले आणि सहाव्यांदा फोन लावला. मग सातव्यांदा. रिंग वाजली, वाजली आणि थांबली.

तेव्हा माळ्यावर कुणीतरी सरकलं. जुनी फळी करकरली. म्हाताऱ्या गुडघ्यांना लागतो तेवढा वेळ घेऊन ते माणूस भिंतीकडे झालं.

मग मोकळ्या झालेल्या फळीवर कुणीतरी हातानं दोनदा थापटलं.